कोहळा आणि आबांचा पाय

माझ्या रॅम्पवर गरम इंजिनाला पाणी लागणार नाय. मग तो ट्रॅक्टर सरपंचाचा असो नाय तर इंद्राचा. आधी बंद करायचा, उभा ठेवायचा, बोनेट उघडून वारं लागू द्यायचं. इंजिनाजवळ नेलेल्या हाताला धग लागेनाशी झाली की मगच मी पाणी मारायची गन उचलते. ज्याला घाई असेल त्यानं पुढं जावं, दिंडोरीपर्यंत धुणारे लय हायेत. त्यांच्याकडं गरम इंजिनावर गार पाणी मारून घ्या, तडा पाडून घ्या आणि घरी जाऊन बायकोवर ओरडा.

मी मालनबाई. आमच्या फाट्यावर पत्र्याची शेड आणि सिमेंटचा रॅम्प दिसतो ना, तो माझा. द्राक्षवाल्यांचं गाव, म्हणून ट्रॅक्टर येतात ते औषधानं माखलेले. तोंडाला फडकं, डोळ्याला चष्मा, पायात गमबूट घातल्याशिवाय मी त्यांना हात लावत नाय. बॅटरीची वायर काढते, अल्टरनेटरला आणि हवेच्या नळकांड्याला प्लास्टिकची पिशवी बांधते, रेडिएटरच्या जाळीला लांबून आणि सरळ पाणी मारते. लोक हसतात. म्हणतात, मालनबाई ट्रॅक्टर धुते का बाळंतिणीला न्हाऊ घालते? मी म्हणते, हसा. तुमच्या ट्रॅक्टरचा सेल्फ दुसऱ्या दिवशी लागतो ना, मग हसा.

आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा. गन माणसावर धरायची नाय. चिखलाचे पाय पुढं करू नका, हात धुऊन मागू नका, चेष्टेत एकमेकांवर पाणी उडवू नका. हा नियम मी कुठं वाचला नाय. आमच्या घरात तो बोट देऊन शिकलेला हाय.

आमच्या मालकांचं नाव धोंडीराम. घेते मी नाव, उखाण्याशिवाय घेते. जोराच्या धारेचं हे मशीन नवं आणलं तेव्हा गनचं नोझल तुंबलं म्हणून या माणसानं बोट लावून बघितलं. हातमोज्याला टाचणीएवढं भोक आणि रक्ताचा एक थेंब, बस. मी माहेरी होते. यांनी हळद दाबली आणि झोपले. सकाळी हात कोपरापर्यंत सुजलेला. नाशिकला नेलं तर डॉक्टर म्हणाले, पाणी कातडी फोडून आत घुसलंय, वरून काय दिसत नाय पण आतून सगळं नासलंय, तेव्हाच आला असतात तर बोट राहिलं असतं. अंगठ्याशेजारचं बोट अर्धं काढावं लागलं. तेव्हापासून गन माझ्या हातात. मालक हिशोब बघतात, फेस लावतात आणि लोकांशी गोड बोलतात. ते मला जमत नाय.

आता खंडेनवमीचं सांगते.

आमच्या गावात खंडेनवमीला सगळे ट्रॅक्टर धुऊन, झेंडूच्या माळा घालून फाट्यापलीकडच्या मारुतीच्या देवळापुढं नेतात. रांगेत सगळ्यात पुढं असतो तो मानाचा ट्रॅक्टर. तो माझ्या चुलत सासऱ्यांचा, गोटीराम आबांचा. मानाच्या ट्रॅक्टरच्या पुढं कुणी जायचं नाय, त्याच्या चाकापुढं कोहळा फुटल्याशिवाय कुणी हलायचं नाय, आणि कोहळा फोडायचा तो आबांनीच. शिवाय आणखी एक रीत. पूर्वी बैल असताना घरची बाई बैलाच्या पायावर आणि धन्याच्या पायावर तांब्यानं पाणी घालायची. बैल गेले, आता ट्रॅक्टरच्या चाकावर घालतात. धन्याचे पाय मात्र राहिले.

त्या दिवशी पहाटेपासून मी धूत होते. सगळ्यांचे ट्रॅक्टर धुऊन, सजून फाट्यापासून गावाच्या कमानीपर्यंत उभे होते. ताशावाले येऊन बसले होते. आणि ज्यांच्यासाठी सगळं गाव थांबलं होतं ते आबा मळ्यातून आले ऊन चढल्यावर. त्यांचा धाकटा पोरगा शेखर ट्रॅक्टर चालवत होता. छाटणी चालू होती, ट्रेलर ओढून ओढून इंजिन नुसतं भाजत होतं.

"घे सूनबाई, मार पाणी लवकर," आबा मडगार्डवरनं उतरता उतरता म्हणाले.

"गार होऊ द्या आबा."

"अगं मुहूर्त जाईल!"

"मुहूर्त दर वर्षी येतो. इंजिनाला तडा गेला तर ते परत येत नाय."

रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. आबांना ते आवडलं नाय. खुर्ची मागवून ते सावलीत बसले, पण बोटं खुर्चीच्या दांड्यावर टकटक वाजत होती. आबा म्हणजे साधा माणूस नाय. माझ्या रॅम्पला जे पाणी येतं ते आबांच्या बोअरचं. आमची बोअर आटली तेव्हा आबांनीच त्यांच्या पाइपलाइनीतनं फाटा काढून दिला, शब्दावर. रॅम्पशेजारच्या व्हॉल्व्हवर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप आणि कुलपाची किल्ली आबांच्या बंडीच्या खिशात. हे मी विसरत नाय आणि आबा मला विसरू देत नायत. आबांनी किल्ली फिरवली की माझा रॅम्प म्हणजे नुसता सिमेंटचा ओटा.

इंजिन निवलं. मी वायर काढली, पिशव्या बांधल्या. बारीक धारेचं नोझल लावून टायरच्या खाचांमधला चिखल काढला. मालकांनी बोनेटपासून मागच्या हुकापर्यंत फेस लावला. फेस जरा मुरू द्यावा लागतो, म्हणून मी गन खाली घेऊन उभी होते. तेवढ्यात आबा उठले, रॅम्पपाशी आले आणि चपलेसकट उजवा पाय माझ्यापुढं धरला.

"चल, आता आमचे पाय धू. मशीननं धू. बघू दे गावाला, आबाचा मान कसा नव्या पद्धतीनं होतोय. शेखर, काढ रे मोबाईल."

शेखरनं मोबाईल काढला. ताशावाला ताशा घेऊन उभाच राहिला.

मी म्हटलं, "आबा, पाय मागं घ्या."

"का?"

"गन माणसावर धरत नाय मी."

"माणसावर नाय धरत, ठीक हाय. पण मी काय रस्त्यावरचा माणूस हाय? सासरा हाय तुझा."

"म्हणून तर नायच."

आबा मोठ्यानं हसले आणि रांगेकडं वळून म्हणाले, "ऐका! अरे, या पायाला विस्तव लागत नाय, पाण्यानं काय होतंय? परवा होमाच्या निखाऱ्यावर पाय पडला, मला कळलंसुद्धा नाय!"

हे खरं होतं आणि तेच वाईट होतं. आबांना शुगर. पायाला ठेच लागो, चटका बसो, त्यांना कळतच नाय. अख्खं गाव याला मर्दुमकी समजतं, आणि आबासुद्धा. मला मात्र मालकांचं सुजलेलं बोट आठवलं. ज्याला कळत होतं त्याचं ते झालं. ज्याला कळतच नाय त्याचं काय होईल? मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पण मी घाबरले की तोंडातनं राग निघतो, हा माझा स्वभाव.

मालक माझ्या कानाशी आले. "अगं लांबून मार ना थोडंसं. दोन सेकंदाचं काम. पाण्याचा प्रश्न हाय."

मी त्यांच्याकडं बघितलं, मग त्यांच्या अर्ध्या बोटाकडं बघितलं. "तुम्ही? तुम्ही सांगताय हे?" असं म्हटल्यावर ते फेसाची बादली उचलून बाजूला झाले.

"धुणार का नाय?" आबांचा आवाज चढला.

आबांच्या ट्रॅक्टरपुढं पाटावर हळद-कुंकू लावलेला कोहळा ठेवला होता. चांगला जून, राख चढलेला. मी तो उचलला, रॅम्पच्या कडेला चाक अडवायच्या दगडावर ठेवला आणि सगळ्यांना मागं सारलं. मशीन चालू केलं. टायरचा चिखल काढलेलं तेच नोझल, तीच धार. वीतभर अंतरावरनं मी घोडा दाबला.

कोहळ्याची साल फाटली, धार आत घुसली, आणि आतला पांढरा गर भसाभसा बाहेर आला. मी गन जरा खाली ओढली तर कोहळा सुरीनं चिरल्यासारखा उभा उलगडला. एक फोड घरंगळत आबांच्या चपलेपाशी जाऊन थांबली.

मशीन बंद केलं. ताशावाल्याचीसुद्धा टिपरी हलेना.

"तुमची कातडी याच्यापेक्षा टणक असेल तर करा पाय पुढं," मी म्हटलं.

बोलून गेले, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. कोहळा फोडायचा मान आबांचा. तो मी फोडला होता, एका बाईनं, सगळ्या गावासमोर आणि शेखरच्या मोबाईलसमोर.

आबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "माझा पाय आणि कोहळा एक केलास तू? माझ्या पाण्यावर जगतेस आणि मलाच पाणी दाखवतेस?" एवढं म्हणून ते तरातरा व्हॉल्व्हपाशी गेले, कुलूप काढलं, व्हॉल्व्ह आवळला, झाकण आपटून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "आता धू! काय धुवायचं ते धू! खंडेनवमीच्या दिवशी सांगतो, या रॅम्पला माझं पाणी बंद म्हणजे बंद."

पहाटेपासूनच्या धुण्यानं माझी टाकी तळाला लागली होती. मालक नळ सोडून बघायला धावले. नळ खाकरला आणि गप झाला.

मला रडू आलं का? आलं. पण गमबुटात उभं राहून रडायची मला लाज वाटली. मी मोठ्यानं म्हटलं, "बंद करा. खुशाल बंद करा. उद्यापासून निंदायला जाईन, खुरपं अजून विसरले नाय मी. पण गन माणसावर धरणार नाय. तुमच्यावर नाय, तुमच्या दुश्मनावरसुद्धा नाय."

आबा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले, जिंकल्यासारखे. आणि मग शेखर हळूच म्हणाला, "आबा... आपला ट्रॅक्टर."

आबांनी मान वळवली. मानाचा ट्रॅक्टर डोक्यापासून चाकापर्यंत फेसात उभा होता. वर ऊन कडक. बोनेटवरचा फेस वाळून खरकट्या भातासारखा चिकटायला लागला होता.

आता हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मानाचा ट्रॅक्टर फेसात, म्हणून तो हलेना. तो हलेना म्हणून त्याच्या मागचा एकही हलेना. सगळं गाव झेंडूच्या माळा घालून उन्हात उभं, आणि किल्ली आबांच्या खिशात. मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, सोडा की पाणी!" आबा म्हणाले, "तिला माफी मागू दे." लोकांनी माझ्याकडं बघितलं. मी रॅम्पवर बसले आणि गन मांडीवर घेतली. दुपार तिथंच झाली असती, मला चाललं असतं.

पण रीत ती रीत. माझी सासू आबांच्या पायावर पाणी घालायची, तिच्यानंतर मी घालत आले. उद्या कुणी म्हणायला नको की मालननं सासऱ्याचे पाय धुवायला नकार दिला. मी नकार गनला दिला होता, पायाला नाय. मी आत गेले, प्यायच्या पाण्याचा माठ होता त्यातनं तांब्या भरला, परात घेतली आणि आबांपुढं जाऊन बसले.

"हे माझं पाणी हाय, माझ्या माठातलं," मी म्हटलं. "तुमची किल्ली राहू द्या खिशात. पाय द्या."

आबांना वाटलं मी नमले. त्यांनी रांगेकडं बघून मिशीवर हात फिरवला आणि उजवा पाय परातीवर धरला. मी चप्पल काढायला गेले तर चप्पल निघेना.

मी परत ओढली. टाच चपलेला धरूनच आली. मी वाकून खालनं बघितलं. द्राक्षाच्या मांडवाची गंजलेली तार, तुटका तुकडा, चपलेचा तळ फोडून वर टाचेत गेला होता. भोवती रक्त वाळून काळं झालेलं, त्यात चिखल. कधी घुसली कुणास ठाऊक. सकाळी, नाय तर कालसुद्धा. आणि आबा वर मिशीला पीळ देत होते.

"आबा," मी हळू म्हटलं, "दुखतंय का काय?"

"मला? मला काय दुखतंय?"

मी खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या पायावर टाकला म्हणजे लोकांना दिसणार नाय. त्यांचा हात धरून खाली नेला आणि तारेच्या टोकाला त्यांचं बोट लावलं. त्यांनी चाचपलं. पुन्हा चाचपलं. मग त्यांच्या तोंडावरचा सगळा ताठा उतरला आणि तिथं एक घाबरलेला म्हातारा राहिला.

"मला कळलंच नाय गं, मालन," ते म्हणाले. सूनबाई नाय, मालन.

मला इतकं वाईट वाटलं की राग कुठं गेला ते समजलंच नाय. "ओढायची नाय ती. डॉक्टर काढतील. उठा, दवाखान्यात."

"पूजा झाल्यावर जातो. गाव थांबलंय."

"आमच्या घरातसुद्धा 'सकाळी बघू' म्हटलं होतं. अर्धं बोट गेलं. तुमचा पाय घालवायचाय?" आबा हलेनात. मग माझा आवाज परत जागेवर आला. "उठताय, का टॉवेल काढू? दाखवू गावाला विस्तव न लागणारा पाय?"

आबा उठले.

गाडी काढायची तर रस्ता कुठं होता? सगळा ट्रॅक्टरांनी अडवलेला. मोकळ्या रस्त्याला तोंड करून उभा होता तो एकटा मानाचा ट्रॅक्टर. मी शेखरला ओरडले, "भाऊजी, मोबाईल ठेवा आणि स्टिअरिंगवर बसा!" मालकांनी पिशव्या फाडून काढल्या, मी बॅटरीची वायर जोडली. आबांना एका मडगार्डवर बसवलं आणि मी दुसऱ्यावर बसले, आबांचा पाय शेखरच्या पाठीमागनं माझ्या मांडीवर. मानाच्या ट्रॅक्टरवर बाई बसलेली आमच्या गावात कुणी बघितली नव्हती. बघा म्हटलं, डोळे भरून बघा.

शेखरनं सेल्फ मारला. लागला. का नाय लागणार?

फेसानं पांढरा झालेला ट्रॅक्टर रॅम्पवरनं उतरला आणि चाकाखाली कोहळ्याची फोड चिरडली. ताशावाल्याला वाटलं, झाली सुरुवात. त्यानं हाणायला घेतलं. देवळाच्या वळणावर शेखरचा हात सवयीनं वळायला लागला. मी म्हटलं, "सरळ!"

"पण वहिनी, मारुती..."

"मारुतीला कळतं सगळं. सरळ घ्या, दिंडोरी."

आणि मागं काय झालं ते ऐका. मानाच्या ट्रॅक्टरच्या पुढं जायचं नाय आणि त्याला सोडून वळायचं नाय, ही आमच्या गावाची रीत. पहिला वळला नाय म्हणून दुसरा वळला नाय, दुसरा वळला नाय म्हणून तिसरा. मी मागं बघते तर झेंडूच्या माळा घातलेले सगळ्या गावाचे ट्रॅक्टर, ताशा वाजवत, आमच्या मागं दिंडोरीच्या रस्त्यानं! समोरनं येणारी एसटी बाजूला घेऊन ड्रायव्हरनं हात जोडले. आबांनी एकदा मागं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि त्या हालातसुद्धा त्यांना हसू फुटलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तार काढली. जखम उघडी करून धुतली, इंजेक्शनं दिली, आबांना ठेवून घेतलं. म्हणाल्या, "आत पू व्हायला लागला होता. अजून दोन दिवस काढले असते तर पायाचं काही खरं नव्हतं." मग आबांना चांगलं झापलं. रोज रात्री तळपाय आरशात बघायचे, अनवाणी फिरायचं नाय, मर्दुमकी करायची नाय. आबा शाळेतल्या पोरासारखे मान हलवत होते. बाहेर फाटकापाशी गाव जमलं होतं, आणि एव्हाना सगळ्यांना सगळं कळलं होतं. टॉवेल टाकून काय उपयोग, ताशावाला पोटात काय ठेवतो का?

मी निघाले तसं आबांनी हाक मारली. बंडी उशापाशी होती. त्यांनी खिशात हात घालून किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली.

"मी मागितली नाय," मी म्हटलं.

"ठाऊक हाय. तू कशाला मागशील, मेलीस तरी मागणार नायस. घे. आता ही तुझ्याकडंच राहील, परत द्यायची नाय." मग जरा थांबून ते म्हणाले, "आणि माफी मी मागायची का तू, ते घरी आल्यावर भांडू."

किल्ली घेताना माझे डोळे भरले. ते काय मी लपवलं नाय.

"ट्रॅक्टर तेवढा धुऊन टाक," आबा म्हणाले. "फेस वाळलाय, गाव बघतंय, मानाचा ट्रॅक्टर असा बरा दिसत नाय. आता गेल्या गेल्या पाणी मार."

मी किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ मारली.

"दिंडोरीहून येतोय तो," मी म्हटलं. "आधी इंजिन गार होऊ द्या."